बळ्ळारी नाल्याकाठचं शिवार नकाशावर : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

आज बेळगावच्या वडगावात बैठक झाली आणि काम ठरलं. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी कुठवर चढतं आणि कुठल्या शेतातलं भात त्यात जातं, हे सर्व्हे नंबरासकट दाखवणारा नकाशा करायचा. वडगाव, शहापूर आणि येळ्ळूर शिवारात दर पावसाळ्यात हीच रड असते. अर्ज जातात, पंचनामे होतात, पण कागदावर 'नाल्यालगतची शेती' यापलीकडे काही येत नाही. एक मामा म्हणाले, "बाई, आमचं शेत नाल्यापासनं लांब हाय असं सांगत्यात. लांब हाय, पण खोलात हाय. ते कोण बघणार?" हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. लांबी सगळे नकाशे दाखवतात. आपल्याला खोली दाखवायची आहे.

सोबत कॉलेजची मुलं आहेत, आणि भूमापन खात्यातून निवृत्त झालेले आप्पा. आप्पांशिवाय मी हे काम घेतलं नसतं.

१५ फेब्रुवारी

मुलांना जीआयएसची, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीची, तोंडओळख. नकाशाचं चित्र आणि जीआयएस यांत फरक काय, इथूनच सुरुवात केली. चित्रात शेत म्हणजे चार रेघा. जीआयएसमध्ये शेत म्हणजे तक्त्यातली एक ओळ, आणि त्या ओळीला पृथ्वीवरची आपली जागा माहीत असते. ओळीत सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, पीक, पाणी किती दिवस राहतं अशी माहिती भरता येते. मग 'तीन दिवसांपेक्षा जास्त बुडणारी शेतं दाखव' असं विचारलं की उत्तर नकाशावर उमटतं.

आमचे थर असे: विहिरी, मोऱ्या आणि पाण्याच्या खुणा बिंदूंनी, नाला, त्याला मिळणारे ओढे आणि पाणंदी रेषांनी, शेतं बहुभुजांनी. ही सगळी व्हेक्टर माहिती. उपग्रहाचं चित्र आणि उंचीची माहिती मात्र रास्टर, म्हणजे सारख्या चौकटींची जाळी आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्राची चौकट १० मीटरची. नाला बऱ्याच ठिकाणी तेवढाही रुंद नाही. त्यामुळे नाला चित्रावरून काढायचा नाही, काठाने चालत काढायचा, हे आजच ठरवून टाकलं.

सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. फुकट आहे, आणि उद्या गावातल्या कुणालाही आमची फाइल उघडता आली पाहिजे.

२२ फेब्रुवारी

पहिला कागद भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,००० चा. ही संस्था १७६७ पासूनची. जुन्या क्रमांकपद्धतीत बेळगावचा भाग ४८ आय मध्ये येतो आणि ७४ अंश ३० मिनिटांचं रेखावृत्त नेमकं शहरातून जातं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या नकाशांची शिवण त्याच रेखावृत्तावर आहे. म्हणून बेळगाव एका कागदावर मावत नाही. अर्धं ४८ आय/५ वर, अर्धं ४८ आय/९ वर. दोन्ही जोडूनच घ्यावे लागतात.

या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक. आमच्या अख्ख्या भातशिवारात एक रेषासुद्धा धड जात नाही. नाल्याची सर्वसाधारण दिशा आणि आजूबाजूच्या टेकड्या समजण्यापुरता हा कागद ठेवायचा.

संध्याकाळी डेटमचा मुद्दा निघाला, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कुठला आकार धरून मोजलेत याचा. एका मुलाने जुन्या नकाशाच्या कोपऱ्यावरचे अक्षांश-रेखांश तसेच घालून तो उपग्रह चित्रावर ठेवला, तर रस्ता शेतातून जायला लागला. कारण पृथ्वीचा आकार दोघांनी वेगवेगळा धरलाय. जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले, ज्याची मापं १८३० ची. मोबाइल आणि उपग्रह डब्ल्यूजीएस ८४ वर. आकडे तेच असले तरी जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. क्यूजीआयएसला मूळ डेटम सांगितला की तो रूपांतर करतो. न सांगितला तर मुकाट्याने चुकीच्या जागी ठेवतो, चूक झाली असंही म्हणत नाही. म्हणून प्रत्येक फाइलच्या माहितीपत्रकात डेटम हा रकाना सक्तीचा केला.

१ मार्च

क्षेत्रफळाचा धडा. एक एकराचं चौकोनी शेत घेतलं आणि मुलांना दोन प्रक्षेपणांत, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या दोन पद्धतींत, मोजायला लावलं.

वेब मर्केटर हे बहुतेक ऑनलाइन नकाशांचं प्रक्षेपण. विषुववृत्तापासून दूर जाल तसा त्यात सगळ्याचा आकार फुगतो. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तरेला. इथे लांबी साधारण ४ टक्के जास्त दिसते आणि क्षेत्र ८ टक्के. म्हणजे ४० गुंठ्यांचं शेत ४३ गुंठ्यांच्या वर जातं. यूटीएम या दुसऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात मोजलं तर ३९.९७ गुंठे. हा विभाग ७२ ते ७८ अंश रेखांशांचा, मधली रेषा ७५ वर, आणि आपण तिच्यापासून जेमतेम अर्धा अंश दूर. त्यामुळे फरक नगण्य.

तीन गुंठे ऐकल्यावर वर्ग एकदम शांत झाला. तीन गुंठ्यांसाठी भाऊ भावाशी बोलायचा थांबलेला यातल्या प्रत्येकाने पाहिलाय. ज्या नकाशावरून नुकसानभरपाई मागायची, त्यातला आकडा उताऱ्याशी जुळला नाही तर समोरचा पहिल्याच पानावर अर्ज बाजूला ठेवेल. सगळी मोजमापं यूटीएम ४३ उत्तर मध्ये, सॉफ्टवेअरमधला त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. पडद्यावर बघायला काहीही चालेल.

९ मार्च

आजचा दिवस आप्पांचा. गावनकाशा १:७९२० चा, म्हणजे १ इंचाला ६६० फूट. आप्पांनी विचारलं, "हा विचित्र आकडा का, सांगा बघू?" कुणाला सांगता येईना. मग त्यांनी साखळीचं गणित मांडलं. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि अशा २० साखळ्या म्हणजे ६६० फूट, नकाशावरचा एक इंच. मुलं गुंठा हा शब्द जन्मापासून ऐकत आली आहेत, पण तो साखळीच्या चौरसातून येतो हे त्यांना आज कळलं. मलाही ते इतकं सरळ कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ८ मीटर. पेनाची रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तर ती रेघच ४ मीटर रुंद, बांधापेक्षा जाड. म्हणून या नकाशावरून बांधाचा वाद कधी सोडवायचा नाही, असं आप्पांनी मुलांना दोनदा बजावलं. त्यासाठी टिप्पण, म्हणजे त्या शेताच्या मोजणीचा मूळ कागद, आणि प्रत्यक्ष मोजणी. आपण पडद्यावर हवं तितकं मोठं करून बघू शकतो, रेघ तलवारीच्या पात्यासारखी बारीक दिसते, पण तिची अचूकता मूळ कागदाएवढीच राहते. या सगळ्या प्रकल्पात मुलांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी, असं मला वाटतं.

१६ मार्च

गावनकाशाला जमिनीवर बसवणं, म्हणजे जिओरेफरन्सिंग. कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येतील असे बिंदू लागतात. जुने हद्दीचे दगड, पाणंदींचे तिठे, देवळाचा कोपरा, दगडी विहीर. झाडं घ्यायची नाहीत, आणि नवीन रस्ताही नाही.

साध्या रूपांतराला तीन बिंदू पुरतात. पण तीनच बिंदू दिले तर सॉफ्टवेअर चूक शून्य दाखवतं, कारण तीन बिंदूंतून ते गणित बरोबर जातंच. तपासायला काही उरतच नाही. त्या शून्याने कुणीही फसेल. आम्ही शिवारभर पसरलेले बरेच बिंदू घेतले आणि काही मुद्दाम बाजूला ठेवले. नकाशा बसवून झाल्यावर बाजूला ठेवलेले बिंदू कुठे पडतात ते पाहिलं. सहा-सात मीटरच्या आत बसले. मूळ कागद बघता याहून चांगलं मागण्यात अर्थ नाही.

मोबाइलचं जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतं. वडाखाली किंवा भिंतीला चिकटून उभं राहिलं की बिघडतं. दर बिंदूवर थांबून बरीच रीडिंग घेतली आणि सरासरी काढली. दशांश अंशांत पाच स्थळं लिहायची, पाचवं स्थळ म्हणजे सुमारे एक मीटर. त्यापुढची स्थळं मोबाइल देतो, पण त्यांना आधार नाही. ती वहीत उतरवायची नाहीत.

२९ मार्च

शेतं रेखाटून झाली. टोपॉलॉजी तपासली: दोन शेतांमध्ये फट नको, एकावर एक चढलेलं नको, सामाईक बांध दोघांचा एकच. स्नॅपिंग, म्हणजे नवी रेघ जवळच्या रेघेला आपोआप चिकटणं, चालू ठेवल्यामुळे काम हलकं झालं. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या एकेक करून काढल्या.

६ एप्रिल

रेखाटलेली शेतं आणि उताऱ्यांची माहिती जोडायची होती. जोडायला दोन्हीकडे सारखी किल्ली लागते. गावाचं नाव ही किल्ली होऊ शकत नाही. उतारा कन्नडमध्ये, आमची नोंद मराठीत, सरकारी यादी इंग्रजीत, आणि येळ्ळूरचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. गावासाठी सरकारी संकेतांक घेतला, त्यापुढे सर्व्हे नंबर, त्यापुढे हिस्सा.

इथे एक खड्डा आहे, पुढे काम करणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. स्प्रेडशीटमध्ये १२/१० लिहिलं की ते १२ ऑक्टोबर होतं. दशांश चिन्ह घालून १२.१० केलं तर शेवटचं शून्य गळतं आणि बाराचा दहावा हिस्सा बाराचा पहिला होतो. दुसऱ्याचं शेत! आधी रकाना मजकुराचा करायचा, मगच आकडे भरायचे.

दुसरी अडचण शेपफाइलची, म्हणजे जीआयएसच्या जुन्या फाइलप्रकाराची. तिच्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतलं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे तीनच चिन्हं, काने-मात्रे धरून. 'हिस्सा' एवढा शब्दही बसत नाही. आम्ही जिओपॅकेज हा दुसरा फाइलप्रकार घेतला. एकच फाइल, सगळे थर तिच्यात, नावं हवी तेवढी लांब.

महाराष्ट्रातल्या चंदगडकडची दोन मुलं आपल्या घरचा सातबारा घेऊन आली होती. तिकडे गट नंबर, हेक्टर आणि आर. इकडे सर्व्हे-हिस्सा, एकर आणि गुंठे. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे माती तीच, भात तेच, आणि तक्त्याचे रकाने मात्र वेगळे. आमच्या तक्त्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये साठवलं आहे, दाखवताना हवं ते दाखवता येतं. उद्या कुणी सीमेपलीकडचं शिवार याला जोडलं तर अडायला नको.

मालकांची नावं आमच्या थरात घातलेली नाहीत. किल्लीवरून ज्याला हक्क आहे त्याला उतारा मिळतो. नाव घालून नकाशा फिरवला तर कुणाची जमीन बुडते हे जमीन विकत घेणाऱ्यालाही कळेल, आणि भाव पडेल तो गरिबाचाच.

२० एप्रिल

आता मामांचा प्रश्न: खोली.

मुलांनी एसआरटीएम उतरवून घेतलं. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळ यानातून ११ दिवसांत रडारने मोजलेली जगातल्या बहुतेक जमिनीची उंची, ३० मीटरच्या चौकटीत. त्यावरून पाणी कुठून कुठे वाहील हे सॉफ्टवेअर काढतं: आधी खळगे भरायचे, मग प्रत्येक चौकटीतून आठ दिशांपैकी सर्वांत उताराची दिशा, मग किती चौकटींचं पाणी कुठे जमा होतं ते मोजायचं. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या उतारावर उत्तर छान आलं, ओढे अगदी जागेवर. सपाट शिवारात मात्र नाला भलतीकडून गेला, महामार्गाच्या भरावाला अडून तळं झालं. भरावाखालून मोऱ्या आहेत हे त्या उंचीला माहीत नाही. शिवाय ती उंची झाडांच्या शेंड्यांची आणि छपरांचीही असते.

मूळ मुद्दा अचूकतेचा. एसआरटीएमची उंची १६ मीटरच्या आत बरोबर असावी, असं उद्दिष्ट ठेवून ते मोजलं होतं. शेजारच्या दोन चौकटींमधली चूक त्याहून कमी, तरी काही मीटरची. आणि आमचं भांडण गुडघाभर पाण्याचं. जमिनीचा उतार ५०० ला १ असेल तर उंचीत अर्ध्या मीटरची चूक पाण्याची कड अडीचशे मीटर सरकवते. अडीचशे मीटरमध्ये किती कुटुंबांची शेतं येतात! असा नकाशा रंगीत आणि देखणा होतो, आणि तो देणं हा अन्याय ठरला असता. एसआरटीएम फक्त पाणलोटाची मोठी सीमा काढायला वापरलं.

४ मे

ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, भाड्याने आणली. उंची कशापासून मोजायची यावर अर्धा तास गेला. मोबाइल बऱ्याचदा दाखवतो ती उंची लंबगोलापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक आहे, म्हणून मोबाइलवर बेळगाव उगाच खाली दिसतं. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरची उंची समुद्रसपाटीपासूनची. तिथून लेव्हल आणता येते, पण आप्पा म्हणाले, "समुद्र कशाला हवा? पाणी मोरीतून जाणार, तर मोरीचा तळ शून्य धरा." अगदी बरोबर. मोरीच्या तळाचा दगड हा आमचा शून्य. प्रत्येक शेताची उंची त्याच्यापेक्षा किती, एवढंच पुरे.

उन्हाआधी सकाळी काम. पट्टी धरणारा एक, वाचणारा एक, लिहिणारा एक. फेरी मारून परत त्याच दगडावर यायचं. निघतानाचा आणि परततानाचा आकडा जुळला तरच फेरी ग्राह्य.

१८ मे

मामांचं शेत मोजलं. नाल्यापासून सरळ रेषेत बरंच लांब, पण नाल्याकाठच्या दोन शेतांपेक्षा खाली. गाळ साचून नाल्याचा काठ वर आला आहे आणि मधला जुना चर बुजला आहे. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नाही. नाल्यापासून ठरावीक अंतराचा पट्टा आखायचा, ज्याला बफर म्हणतात, तर हे शेत त्या पट्ट्याबाहेर पडतं. मामा कितीतरी वर्षं जे तोंडाने सांगत होते ते आता आकड्यात आहे. त्यांना वहीतला आकडा दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आता लिवा की तसं." लिहिलं.

१ जून

पाण्याच्या खुणा गोळा केल्या. ऑगस्ट २०१९ चं पाणी सगळ्यांना आठवतं: पंपघराच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, विजेच्या खांबावर बोट ठेवून दाखवतात. नेहमीच्या पावसाची खूण दाखवताना मात्र दोघांत एकमत होत नाही. म्हणून दोन थर वेगळे, आणि प्रत्येक खुणेला 'स्वतः पाहिलं', 'खूण अजून दिसते', 'ऐकीव' असा रकाना. खुणेची उंची मोरीच्या दगडापासून मोजली. बायकांनी दाखवलेल्या खुणा जास्त नेमक्या निघाल्या. भांगलणीला त्याच वाकलेल्या असतात, पाणी कुठल्या सरीपर्यंत आलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक.

१३ जुलै

पाऊस लागून आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रात फक्त ढग. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं: शांत पाण्यावरून लहर पलीकडे निघून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. मुलं खूश झाली, सगळं शिवार काळं आलं.

पण रोप लावणीच्या भातात पाणी उभं असतंच, ते आपणच बांधून ठेवलेलं. रडारला आपलं पाणी आणि पुराचं पाणी यांतला भेद कळत नाही. आमच्याकडे बरंच भात धूळवाफ पेरणीचं, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेलं, त्यात या दिवसांत दिसणारं काळं मात्र शंका घेण्यासारखं. शेतांच्या तक्त्यात 'पेरणी की लावणी' हा रकाना आम्ही उन्हाळ्यातच भरून घेतला होता, तो आज कामाला आला. लावणीच्या शेतांसाठी एकाच चित्रावर निर्णय नाही. पुढची चित्रं रांगेने लावायची: पीक वाढतं तसं शेत उजळत जातं. शेजारची शेतं उजळली आणि एखादं काळंच राहिलं, तर तिथलं भात कुजलं असण्याची शक्यता जास्त. तिथे जाऊन बघायचं.

१४ सप्टेंबर

रांगेतली चित्रं आणि चालून केलेली पाहणी जोडली. रडारने काळी दाखवलेली बहुतेक शेतं खरोखर गेलेली. उजळ दिसणाऱ्या काही ठिकाणी मात्र भात नव्हतं, जलपर्णी होती, नाल्यातून वाहत येऊन शेतात बसलेली. ती रडारला पिकासारखीच उजळ दिसते. ही शेतं हाताने दुरुस्त केली आणि शेऱ्यात तसं लिहिलं.

२८ सप्टेंबर

छापील नकाशा १:४,००० वर. पाण्याची कड दोन प्रकारांनी काढली: लेव्हल आणि खूण दोन्ही आहेत तिथे सलग रेघ, दोन बिंदूंच्या मध्ये अंदाज बांधला आहे तिथे तुटक. एका मुलाचं म्हणणं होतं की तुटक रेघ बघून अधिकारी नकाशा कच्चा समजतील. माझं मत उलट आहे. कुठे ठाम आहोत आणि कुठे नाही हे आपणच लिहिलं तर ठाम भागावर कुणाला बोट ठेवता येत नाही. आप्पांनीही तुटक रेघेच्या बाजूने मत दिलं. खाली पट्टीमाप, उत्तर दिशा, प्रक्षेपण, डेटम, मूळ कागदांची प्रमाणं आणि मोजणीच्या तारखा. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत, कारण शेत मराठीत बुडालं तरी फाइल कन्नडमध्ये चालते.

५ ऑक्टोबर

वडगावात नकाशा भिंतीवर लावला. लोकांनी आधी आपापला सर्व्हे नंबर शोधला, मग शेजाऱ्याचा. दोन आक्षेप आले. एक विहीर चुकीच्या हिश्शात, ती तिथेच सुधारली. दुसरा, नाल्याच्या पलीकडच्या काठावर सगळी रेघ तुटकच का? तिकडे लेव्हल नेलेली नाही, हे खरं कारण सांगितलं.

अर्जासोबत नकाशाची प्रत, शेतांच्या उंचीचा तक्ता आणि माहितीपत्रक दिलं. जिओपॅकेजची एक प्रत शेतकऱ्यांच्या समितीकडे, एक कॉलेजात.

पलीकडच्या काठाची फेरी भातकापणी झाल्यावर, दिवाळीनंतर. शून्य तोच, मोरीचा दगड. त्यावर पांढरा रंग मारून घ्यायचा, गाळ काढायला यंत्र आलं तर दगड हलू नये म्हणून चालकाला आधी सांगून ठेवायचं. लेव्हल भाड्याने मिळण्याचं बोलून झालंय. पट्टी धरायला मामांचा नातू येतो म्हणालाय.